भांड्यांच्या लिक्विडने गाडी धुवावी का? किनारपट्टीवर पहिलीच गाडी घेतलेल्यांसाठी

गाडी दारात आली की पहिल्या रविवारी हा प्रश्न येतोच. मोरीत भांड्यांचं लिक्विड आहे, बादली आहे, विहिरीवर पंप आहे, मग गाडीसाठी वेगळा शाम्पू कशाला? आमच्या गुहागरच्या बाजूला निम्मी माणसं "काय होत नाही त्याने" म्हणतात आणि उरलेली "रंग उडेल" म्हणून धाक घालतात. मी घरगुती होमस्टे चालवते. स्वतःची गाडी मीच धुते आणि पाहुण्यांच्या गाड्या बारा महिने अंगणात बघते. नुसत्या लिक्विडने रंग उडालेली गाडी अजून माझ्या बघण्यात नाही. खराब झालेल्या गाड्या मात्र भरपूर, आणि त्यांची कारणं वेगळी.

घाईत असाल तर उत्तर इथेच घ्या. बाटलीतलं पातळ लिक्विड, बादलीभर पाण्यात चमचा-दोन चमचे, मऊ कापडाने, एखाद्या वेळी वापरलं तर रंगाला धक्का लागत नाही. दर आठवड्याला तेच वापरलंत तर रंगावरचं मेण उतरत जातं, आणि खाऱ्या हवेत ते परवडत नाही. भांड्यांची वडी आणि कपड्यांची पावडर गाडीला कधीच लावू नका. बाकीचा लेख सावकाश वाचा, कारण नुकसान साबणापेक्षा घासणीने, कोरड्या फडक्याने आणि न धुतलेल्या तळाने जास्त होतं.

किनाऱ्यावरचा हिशेब वेगळा का

घाटावरच्या माणसाने महिनाभर गाडी धुतली नाही तर ती मळकट दिसते, एवढंच. समुद्राजवळ राहणाऱ्याच्या गाडीवर रोज मिठाचा बारीक थर बसत असतो. वाऱ्याच्या दिवसांत संध्याकाळी समोरच्या काचेवरून बोट फिरवा आणि जिभेला लावून बघा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून पाणी ओढून पाझरू लागतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाणावते ती यामुळेच. आपल्याकडे एवढी आर्द्रता म्हणजे कितीतरी दिवसांची नेहमीची सकाळ. म्हणजे पाऊस नसतानाही दाराच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीत, पत्र्याच्या सांध्यांत खारी ओल टिकून राहते.

रंग शाबूत आहे तिथे ही ओल पत्र्यापर्यंत पोचत नाही. कारखान्यात दिलेले रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतात, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा किंवा थोडा अधिक. सगळ्यात वरचा थर पारदर्शक असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो भांड्यांच्या साबणाने विरघळत नाही. पण खडी उडून टवका गेला, ओरखडा खोल गेला, की तिथून गंजाला वाट मिळते. म्हणून इथे दोन गोष्टी जपायच्या: क्लिअर कोटावर चरे पडू द्यायचे नाहीत, आणि त्याच्यावर मेणाचा थर कायम ठेवायचा.

"लिक्विडमध्ये मीठ असतं म्हणून गाडी गंजते" असंही कोणीतरी तुम्हाला सांगेल. बऱ्याच लिक्विडांना घट्टपणा आणायला मीठ घालतात, हे खरं. पण दोन चमचे लिक्विडात ते असून असून किती असणार, आणि तेही दहा लिटर पाण्यात पातळ होऊन शेवटी धुऊन जाणारं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. गाडीला भीती आहे ती त्याची.

१. हातात आहे तो साबण नेमका कोणता ते बघा

सगळ्याला आपण साबणच म्हणतो, पण घरातल्या चार वस्तू चार जातींच्या असतात.

भांड्यांचं लिक्विड: यात सोडियम लॉरेथ सल्फेट, लिनिअर अल्काइल बेंझिन सल्फोनेट अशी तेल सुटं करणारी द्रव्यं असतात. हाताने वापरायचं म्हणून ते फार जहाल नसतं. पण त्याचं कामच मुळी तेलकटपणा उचलणं, आणि गाडीवरचं मेणही त्याच्या दृष्टीने तेलकट वस्तूच. एका धुण्यात सगळं मेण जात नाही, दर धुण्याला थोडं थोडं कमी होतं. दुसरी अडचण बुळबुळीतपणाची. ताट बोटाखाली करकरलं की आपण ते स्वच्छ झालं म्हणतो. गाडीवर तीच करकर नको असते. धूळ कापडाखालून अलगद सरकली पाहिजे, आणि लिक्विडचा फेस त्या कामात कमी पडतो.

भांड्यांची वडी: हिच्यात घासण्यासाठी खनिजाची बारीक पूड घातलेली असते. जळकं पातेलं निघतं ते त्या पुडीमुळे. ती बॉनेटवर फिरवली की काय होईल हे वेगळं सांगायला नको.

कपड्यांची पावडर: हिच्यात धुण्याचा सोडा असतो. द्रावणाचा पीएच १० ते ११ च्या घरात जातो. मेण भराभर उतरतं, काचेभोवतीचं रबर आणि काळं प्लॅस्टिक पांढुरकं पडतं, अलॉय व्हीलवर सुकली तर डाग राहतात. शिवाय न विरघळलेले कण कापडात अडकतात. स्वस्त पडते म्हणून वॉशिंगच्या धंद्यात आणि सोसायट्यांत गाड्या पुसणाऱ्यांत हीच जास्त चालते.

केसांचा शाम्पू: अडीअडचणीला पावडरीपेक्षा हजार पटीने बरा. कंडिशनरवाला असेल तर काचेवर धूसर पापुद्रा ठेवतो, म्हणून काच वगळून वापरा.

रिठ्याबद्दलही विचारतात. रिठ्याला फेस येतो, रंगाला इजाही नसावी, पण गाळून घेतला नाही तर सालीचे तुकडे कापडात येतात आणि पांढऱ्या गाडीवर पिवळसर ओघळ दिसतात. रिठा पैठणीसाठी राखून ठेवा.

गाडीचा शाम्पू: पीएच ७ च्या आसपास आणि मेणाला धक्का न लावणारा असा बाटलीवर उल्लेख असलेला घ्या. बादलीला किती घालायचा तेही बाटलीवरच असतं. जास्त घातला म्हणून गाडी जास्त स्वच्छ होत नाही, फक्त खळखळून काढायला पाणी जास्त लागतं. बाटली पुष्कळ दिवस जाते, त्यामुळे लिक्विड वापरून वाचणारे पैसे फारसे नसतातच.

२. गाडीवर मेण आहे का ते तपासा

धुतलेल्या गाडीच्या बॉनेटवर सावलीत मगभर पाणी ओता. अळूच्या पानावरच्यासारखे टपोरे थेंब होऊन घरंगळले तर मेण शाबूत आहे. पाणी चादरीसारखं पसरून बसून राहिलं तर मेण गेलेलं आहे, किंवा कधी लागलेलंच नाही. लिक्विडने नुकतीच गाडी धुतली असेल तर ही परीक्षा फसवते, कारण साबणाचा अंश राहिला तरी पाणी पसरतं. आधी साध्या पाण्याने दोनदा नीट खळखळा आणि मग बघा.

सिरॅमिक कोटिंग (मेणाऐवजी रंगावर चढवतात तो टिकाऊ लेप) करून घेतलं असेल तर ज्याने केलं त्याने दिलेलं कार्ड वाचा. कोणता शाम्पू चालतो आणि किती महिन्यांनी दाखवायला आणायचं ते त्यात असतं. त्याबाहेरचं काही वापरलं आणि नंतर तक्रार घेऊन गेलात तर पहिला प्रश्न "कशाने धुवत होतात?" हाच येतो.

३. पाणी तपासा

साबणावर वाद घालणारे पाण्याबद्दल बोलतच नाहीत. आपल्याकडे जांभ्याच्या कातळातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं, ते उत्तम. पण पुळणीजवळच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ काढायला मीठच ओतणं.

परीक्षा सोपी आहे. जुन्या आरशाच्या तुकड्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि उन्हात सुकू द्या. पांढरं वर्तुळ उरलं तर त्या पाण्याचा शेवटचा हात गाडीला देऊ नका. चिखल काढायला ते चालेल, शेवटच्या दोन बादल्या मात्र गोड्या पाण्याच्या घ्या. बोअरचं पाणी बादलीत रात्रभर ठेवल्यावर तांबूस झालं तर त्यात लोह आहे. पांढऱ्या गाडीवर ते सुकू दिलं तर पिवळट ठिपके दिसतात.

पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप लावा. पहिल्या काही सरींत कौलांवरची घाण येते, ती जाऊ द्या. नंतरचं पाणी शेवटच्या हाताला विहिरीच्या पाण्यापेक्षा सरस.

४. सामान

- दोन बादल्या. एक साबणाची, एक कापड खळखळायची. हा बडेजाव नाही, पुढे सांगते.
- मग, आणि असला तर होज पाइप.
- मायक्रोफायबरचा हातमोजा किंवा जाड मऊ कापड, फक्त रंगासाठी.
- चाकांसाठी वेगळं कापड आणि मऊ केसांचा ब्रश. चाकाचं कापड रंगाला लावायचं नाही. दोन्हींचे रंग वेगळे घ्या, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणी धुतली तरी घोळ होणार नाही.
- पुसायला दोन मोठी मायक्रोफायबर कापडं.
- शाम्पू.
- गाडीचं मेण, घट्ट किंवा पातळ कुठलंही.
- हिराच्या झाडूचा एक हीर. कशाला ते सहाव्या पायरीत.

यादीत नसलेल्या वस्तूही सांगते: तारेची घासणी, हिरवा स्क्रबर, नारळाची शेंडी, जुनी बनियन. बनियन मऊ लागते, पण तिच्या शिवणी आणि तिच्यात अडकलेली वाळू मऊ नसते.

५. जागा आणि वेळ

सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, सावलीत. बॉनेटला हात लावून बघा, चटका बसत असेल तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर साबण सुकतो आणि त्याचे डाग काढायला पुन्हा धुवावं लागतं.

गाडी विहिरीच्या कठड्याला खेटून धुऊ नका. साबणाचं आणि ग्रीसचं पाणी शेवटी जमिनीतच मुरतं, आणि जांभा पाणी पटकन आत घेतो. पऱ्यात किंवा नदीत गाडी उतरवून धुणारे दर उन्हाळ्यात दिसतात. त्या पाण्यात खालच्या वाडीची गुरं पाणी पितात, बायका कपडे धुतात. आणि गाडीच्याही दृष्टीने ते बरं नाही, कारण चाकाच्या बेअरिंगपर्यंत पाणी चढतं.

६. आधी तळ, मग रंग, आणि आधी नुसतं पाणी

नवीन माणूस टपापासून सुरुवात करतो आणि तळापर्यंत येईतो दमतो. किनाऱ्यावर उलट करा. सगळ्यात जास्त मीठ आणि चिखल खाली असतो, आणि गंज लागतो तोही बहुतेक खालूनच.

चाकावरच्या कमानीच्या आतल्या कडेत हात घाला. तिथे पत्रा आत वळलेला असतो आणि त्या वळणात तांबडी माती थापून बसलेली सापडते. बाहेरून गाडी लख्ख दिसते आणि या कडेत आठवडाभर ओला चिखल पत्र्याला चिकटून असतो. पाइपाची धार आतून बाहेर मारा, बोटाने माती मोकळी करा, पुन्हा धार मारा. माती यायची थांबेपर्यंत. चारही चाकांचं झालं की पुढच्या बंपरच्या खाली आणि दारांच्या खालच्या पट्टीवर धार मारा.

आता तो हीर. दार उघडून त्याची खालची कड बघा. तिथे लहान भोकं असतात. काचेवरून दारात उतरलेलं पाणी बाहेर जायची ती वाट. माती आणि पानांच्या चुऱ्याने ती बुजतात आणि पाणी दाराच्या पोटात साचतं. मग दार आतून गंजतं आणि रंगाला फोड येतो तेव्हा कळतं. हीर भोकात हलकेच फिरवा. कधी कधी चहाच्या रंगाचं पाणी बाहेर येतं. तसंच बॉनेट उघडून काचेच्या पायथ्याशी वायपरखालची खोबण बघा. सुरूच्या बनाजवळ गाडी लावत असाल तर तिथे सुरूच्या काड्यांचं अक्षरशः घरटं झालेलं असतं. ते उचलून काढा, पाण्याने आत ढकलू नका.

जयगड ते तवसाळ किंवा दाभोळ ते धोपावे फेरीबोटीने येजा करत असाल तर उतरल्यावर त्याच दिवशी तळावर गोडं पाणी मारा. जेट्टीच्या उतारावरचं खारं पाणी चाकांनी थेट खाली उडतं. पुळणीवर गाडी घालणं मुळातच नको. बऱ्याच ठिकाणी पोलीस कारवाई करतात, आणि रुतली तर भरतीच्या आत ट्रॅक्टर मिळेलच असं नाही. पाहुण्यांपैकी कोणी घालून आलंच तर मी चहाच्या आधी पाइप दाखवते.

तळ झाला की सगळ्या गाडीवर वरून नुसतं पाणी सोडा आणि पाच मिनिटं थांबा. तांबड्या धुळीत लोहाचे आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे कडक कण असतात. ते पाण्याने आपोआप उतरतील तेवढे उतरू द्या. या पायरीआधी कापड लावायचं नाही, साबण कितीही भारी असला तरी.

७. फेस

बादलीत आधी शाम्पू, मग वरून जोरात पाणी. टपापासून खाली या. टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. हात सरळ रेषेत फिरवा. गोल गोल फिरवलं की चरेही गोल पडतात, आणि काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर सकाळच्या तिरक्या उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. एकदा दिसले की त्या गाडीत दुसरं काही दिसत नाही.

एक भाग झाला की कापड दुसऱ्या बादलीत खळखळा, पिळा, मग साबणाच्या बादलीत घाला. थोड्या वेळाने दुसऱ्या बादलीच्या तळाशी बघा, लाल गाळ बसलेला असेल. एकच बादली वापरली असती तर तो सगळा गाळ परत गाडीवर गेला असता. कापड जमिनीवर पडलं तर ते बाद, दुसरं घ्या.

फेस सुकायच्या आत धुऊन काढा. ऊन असेल तर एकेक बाजू संपवत जा.

८. पुसणं

पुसल्याशिवाय सोडू नका. थेंब सुकले की त्यातले क्षार ठिपक्यांच्या रूपात उरतात. मोठं कापड पसरून अलगद ओढा, दाबून घासू नका. दारं, डिकी आणि बॉनेट उघडून आतल्या कडा पुसा, पेट्रोलच्या झाकणाची खोबणही.

मग गाडी वाडीत एक फेरी मारून आणा आणि ब्रेक हळूहळू दोन-चारदा दाबा, म्हणजे ब्रेक सुकतात. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी ब्रेकच्या तबकडीवर तांबूस छटा दिसली तर घाबरू नका, पहिल्या काही ब्रेकांत ती जाते. ओल्या गाडीचा हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवलात तर मात्र मागचे ब्रेक चिकटून बसू शकतात. सपाट जागा असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला चिऱ्याचा तुकडा लावा.

९. झाडांचा आणि पाखरांचा प्रसाद

भांड्यांचं लिक्विड वापरायचा मोह सगळ्यात जास्त इथे होतो, कारण डाग निघत नाही.

आंब्याखाली गाडी लावली असेल तर मोहोराच्या दिवसांत काचेवर बारीक चिकट ठिपके दिसतात. तो मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा. त्यावर पुढे काळी बुरशी धरते. कोमट पाण्यात भिजवलेलं कापड दहा मिनिटं ठेवा, चिकटा साखरेचा असल्याने विरघळतो. घासायची गरज पडत नाही.

फणसाचा चीक पाण्याने निघत नाही. फणस कापताना हाताला लावतो तेच खोबरेल इथेही. थोडं तेल मऊ कापडावर घेऊन डाग ओला करा, चीक सुटला की टिपा, मग तो भाग शाम्पूने धुवा. कैरीचा चीक त्वचा भाजवतो, रंगालाही बरा नाही, दिसल्या दिवशी काढा. काजूखाली गाडी लावूच नका.

पाखरांची शीट उन्हात काही तासांत रंगावर ठसा सोडते. ओलं कापड ठेवा, मऊ पडू द्या, उचलून घ्या. नखाने खरवडणं बंद.

महामार्गाच्या कामातून डांबराचे शिंतोडे बसले तर टार रिमूव्हर मिळतो, तो फक्त डागापुरता लावा. त्यानंतर तेवढ्या भागाला पुन्हा मेण लागेल.

१०. मेण

किनाऱ्यावर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीला दोन-तीन महिन्यांनी एकदा मेण लावा, आणि आगोटीच्या कामांत एक हात नक्की धरा. पॉलिश आणि मेण या वेगळ्या वस्तू आहेत. पॉलिश क्लिअर कोटाचा अगदी पातळ थर घासून चमक आणतं, ते वारंवार करायचं नाही. मेण वर थर चढवतं. गाडी पूर्ण सुकलेली आणि थंड हवी. पातळ लावा, धूसर झालं की पुसा. काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नका, पांढरं पडतं. लहान टवके दिसले तर मेणाच्या आधी टचअप पेनने भरून घ्या.

पावसाळ्यात "पाऊस धुतोय की" म्हणून धुणं थांबवू नका. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो खरा, पण तो तळाला धुवत नाही, तळाला चिखल देतो. आणि ओल्या गाडीवर ताडपत्री बांधू नका. आत वाफ कोंडते, रंगावर आणि आत सीटवर दोन्हीकडे बुरशी. शेड नसेल तर उघडी बरी.

११. लिक्विड वापरायची वेळ आलीच तर

लिक्विड अगदीच बाद नाही. जुनं मेण काढून नवीन लावायचं असेल तेव्हा ते मुद्दाम वापरतात, कारण तेव्हा मेण उतरणं हेच हवं असतं. समोरच्या काचेवरचा तेलकट थर, ज्यामुळे रात्री पावसात समोरच्या दिव्यांचा उजेड फाकलेला दिसतो, तोही लिक्विडाने छान निघतो. रबरी मॅट आणि मासळीच्या वासाची डिकीतली ट्रे यांना तर तेच हवं. बाजारातून बांगडे आणताना पिशवी गळली तर आधी थंड पाणी, मग लिक्विड. गरम पाण्याने वास बसतो.

पूर्ण गाडी धुवायची वेळ आली, समजा शाम्पू संपलाय आणि गाडी खाऱ्या पाण्यातून आलीय, तर लिक्विडने बिनधास्त धुवा. मीठ तसंच ठेवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. चमचाभर लिक्विड, पूर्ण बादली पाणी, लिक्विड थेट पत्र्यावर ओतायचं नाही, नेहमीपेक्षा दुप्पट खळखळायचं, आणि त्या आठवड्यात मेणाचा हात द्यायचा. पाणी अगदीच थोडं असेल तर नुसता तळ आणि चाकं धुवा, रंगाला हात लावू नका. धुळीची गाडी उभी राहिली तर काही बिघडत नाही, कोरडी पुसली तर बिघडतं.

१२. वॉशिंग सेंटरला देताना

तळ नीट धुवायचा तर रॅम्प लागतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी सेंटरला देणं योग्यच. देताना चार गोष्टी तोंडावर सांगा.

- साबण कोणता? डब्यात पावडर कालवलेली दिसली तर आपला शाम्पू द्या. कोणी वाईट वाटून घेत नाही.
- प्रेशरची नळी रंगापासून हातभर लांब. टवक्यावर जवळून मारली तर रंगाची खपली उडते.
- आधीच्या गाडीची चाकं पुसलेलं फडकं नको. आपलं कापड घेऊन जा.
- तळाला डिझेलचा फवारा नको. गंज लागू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी मारतात, पण डिझेलने सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं (बुशं) फुगून खराब होतात आणि त्यावर धूळही चिकटते. गंजरोधक लेप हवा असेल तर तो वेगळा करून मिळतो, तळ पूर्ण सुकवून. पावसाळ्याच्या आत करून घ्या, मे संपत आला की नंबर लागत नाही.

गाडी घ्यायला जाल तेव्हा चकाकणाऱ्या टायरांकडे बघू नका. चाकाच्या कमानीत हात घाला. बोटाला लाल माती लागली तर गाडी परत रॅम्पवर चढवायला सांगा, पैसे द्यायच्या आधी.